पाण्यात उतरवलेलं भिंग

ज्येष्ठातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी, देवीच्या देवळासमोरच्या पारावर तुझ्या नावानं सोळा रुपये बारा आणे जमले. सगळे हाली, निजामाच्या शिक्क्याचे. हजर माणसं अशी: गावचा शेतसारा वसूल करणारे माली पाटील, हैदराबादेहून आलेले त्यांचे जावई, विहिरीत बुड्या मारून पडलेल्या बादल्या काढून देणारा लिंबाजी, देवळाचे दोन पंच आणि मी. मी अशासाठी, की देवळाचा हिशेब माझ्याकडे असतो. तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले होते, दत्ता.

ठरलं असं की बारवेच्या तोंडाशी एक दगड बसवायचा. त्यावर तुझं नाव, नावाआधी 'विद्यावंत', आणि खाली 'माली पाटील यांच्या हस्ते'. पाटील उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "गुरुजीसारखा मानूस पंचक्रोशीत न्हाई. गावाला शानपन शिकवून गेला." जावयांनी मान हलवली. पंचांनीही हलवली. मी आणे पुन्हा एकदा मोजले.

याच माणसांनी आठ महिन्यांपूर्वी, याच पारावर, तुला बोलू दिलं नव्हतं. तू तोंड उघडलंस की एकजण खोकायचा आणि बाकीचे हसायचे. 'शानपन शिकवून गेला' म्हणे. तू शिकवलंस खरं, पण शिकलं कोण ते मला कुणी सांगावं.

तू मेलास याचा मला राग आहे, हेही लिहून टाकतो. वैशाखाच्या उन्हात डोक्याला फडकं न बांधता पिंगळी स्टेशनापासून चालत आलास. मी हजारदा सांगितलं होतं की निरोप धाडत जा, बैलगाडी पाठवतो. ताप चढला तेव्हा तू मला म्हणालास, "उतरंल रे, हवा बदलली की." हवा बदलली नाही. तू गेलास. आता भांडायला माणूस नाही आणि भांडण तसंच पडून आहे.

भांडण आपलं जुनंच होतं. लहानपणी आपण बारवेत पोहायचो तेव्हापासूनचं. पाण्याखाली जाऊन डोळे उघडायचे, समोरच्यानं बोटं दाखवायची आणि ती मोजायची, हा आपला खेळ. मला आकड्यांची हौस, म्हणून मी दर वेळी पैज लावायचो आणि दर वेळी हरायचो. तुझ्या हाताच्या जागी नुसता पिवळट डाग दिसायचा. मी म्हणायचो, पाणी गढूळ आहे. तू म्हणायचास, "पानी कायबी गढूळ न्हाई, वरून बघ की, तळाची पायरी दिसायलीय. आपला डोळाच पान्यात बिघडतो." का बिघडतो ते तुला तेव्हा माहीत नव्हतं. पुढं परभणीला शिकायला गेलास, सगळं उर्दूतून शिकलास, आणि एका सुट्टीत धावत माझ्या शेतावर आलास ते कारण सांगायलाच. मी नांगर सोडत होतो. तू धड बसलासुद्धा नाहीस.

"केशव, भिंगात सोताची ताकद नसते," तू म्हणालास. "हवा विरळ, काच दाट. विरळातून दाटात शिरताना उजेड वाकतो. तो वाकतो म्हनून भिंग मोठं दाखवतं. तेच भिंग पान्यात घाल. पानी बी दाट, काच बी दाट, मग उजेडानं वाकावं कशाला? अन् आपला डोळा बी भिंगच हाय. समोरची हवा गेली की तो बी निम्मा आंधळा."

"आन् आरसा?"

"आरशाला काय फरक पडत न्हाई. हवेत ठेव, पान्यात ठेव. उजेड जसा आला तसा परत धाडतो."

मला ते आवडलं होतं. मी बैलांना पाणी दाखवलं. तेव्हा आवडलं म्हणालो नाही ते आज म्हणतो.

आता नवरात्राच्या वेळचं सांगतो. तुला माहीत आहे, पण दगडावर जे कोरायला निघालेत ते वाचून उद्या कुणाला वाटेल की या गावात तुझा फार मान होता, म्हणून नीट सांगतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवीचे दागिने बारवेवर नेऊन चिंचेनं घासायची आपली रीत. ते काम गुरवाच्या घरचं. गुरव जाऊन चार वर्षं झालेली, म्हणून त्याची बायको गोदाबाई ते करायची. त्या दिवशी घासताना देवीचा चांदीचा डावा डोळा तिच्या हातून निसटला आणि पाण्यात गेला. ती तशीच ओल्या लुगड्यानं पाटलांच्या दारात आली आणि जे झालं ते सांगितलं. चोरी करणारी बाई आपण होऊन सांगत येत नाही, एवढं गणित या गावाला सुटलं नाही.

लिंबाजीला उतरवलं. तो दोनदा खाली गेला आणि रिकाम्या हातानं वर आला. "खाली कायबी दिसंना, मालक. समदं धुकट." तेव्हा जावई पुढं झाले. शेरवानीच्या खिशातून त्यांनी पितळी मुठीचं मोठं भिंग काढलं. कचेरीतली बारीक अक्षरं त्यातून वाचतात म्हणे. "ये ले जा," ते लिंबाजीला म्हणाले. "विलायती है. सुई भी हुई तो मुसळ दिसेगी."

तू त्या दिवशी परभणीच्या तुझ्या शाळेतून सुट्टीला आलेला होतास आणि पहिल्या पायरीवर उभा होतास. तू म्हणालास, "साहेब, पान्यात त्याचा उपेग न्हाई." ते तुझ्याकडं बघून हसले. लिंबाजी भिंग घेऊन गेला, बराच वेळ खाली राहिला, धापा टाकत वर आला. "न्हाई दिसत. हातात काच हाय का न्हाई तेबी कळंना."

जावई सासऱ्याकडं वळून म्हणाले, "भिंगातून दिसत नाही, म्हणजे खाली नाहीच."

संपलं. एवढ्यावर एका बाईचं नाव गेलं. भिंगानं सांगितलं, आणि ते विलायती. अजून आठवलं की मला शिसारी येते. जमलेल्या एकाही माणसाला ते विचित्र वाटलं नाही. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. निकाल लागला, आता घरी जाऊन जेवायला मोकळे.

तू न्हाव्याकडून आरसा आणवलास. वरच्या ओट्यावर उभा राहून उन्हाचा कवडसा पाण्यात सोडलास आणि तळाच्या पायऱ्यांवरून हळूहळू फिरवलास. उत्तरेच्या बाजूला, पायरीच्या फटीत, काहीतरी लकाकलं. मी पाहिलं. पाटलांनीही पाहिलं. ते म्हणाले, "लोक पैसे टाकतेत बारवंत. त्यातलाच येखांदा असंल." मागून कुणीतरी बोललं, "गुरुजी, देवीला त्वांड दाखवायलाव का?" आणि हशा झाला. तिथं तू चिडलास. जावयाला भर लोकांत गाढव म्हणालास. दत्ता, तुझं बरोबर होतं आणि तूच ते नासवलंस. त्या शब्दानंतर प्रश्न डोळ्याचा राहिलाच नाही, जावयाच्या मानाचा झाला.

मी स्वतः उडी मारली, ते तू शेवटपर्यंत चवीनं सांगत राहिलास. दोन पुरुष खोल पाणी, माझे कान फुटायला आले. वर आलो तो मुठीत चिखल आणि धोतर निम्मं सुटलेलं. "आमच्या केशवनं गाळ काढायला सुरुवात केली," तू म्हणालास. त्या दिवशी आपण दोघं हसलो तेवढंच.

रात्री पारावर पंच बसले. गोदाबाईला पंधरा रुपये दंड आणि देवळातल्या सेवेची पाळी बंद. मी उठून हिशेब मांडला. डोळ्याची चांदी तोळाभर, तिची किंमत दोन रुपयांच्या आत. पंधरा कशाचे? पाटील म्हणाले, "द्येवीच्या डोळ्याची किंमत करतोस व्हय केशवराव?" पुन्हा सगळ्यांनी माना हलवल्या. या गावात मान हलवायला पैसे पडत नाहीत. तिनं जपून ठेवलेली पोत मोडून पैसे आणले आणि पाटलांच्या हातात दिले. नवरात्रातच एक गाठोडं घेऊन ती ताडकळसला भावाकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी घट बसले, आणि घट बसल्यावर दसऱ्यापर्यंत बारवेत उतरायचं नाही ही रीत. तू मात्र नऊ दिवस गप्प बसला नाहीस. घासलेटचा डबा घेतलास, त्याचा तळ कापलास, घरातल्या तसबिरीची काच काढून राळेनं तिथं चिकटवलीस. वहिनींनी तसबिरीवरून तुला काय काय ऐकवलं ते मी ओसरीवर बसून ऐकत होतो.

"डोळ्यापुढं हवा पायजे," तू मला समजावत होतास. "डबा पान्यावर टेकवायचा, वरून डब्यात बघायचं. डोळा हवेतच राहतो. मग पानी आडवं येत न्हाई."

दसऱ्यानंतर आपण दोघांनी त्या डब्यातून पाहिलं. फटीत ती वस्तू होती. बदामी आकार, एक टोक बारीक. पैसा तसा नसतो. लिंबाजीला म्हणालो, उतर. तो खाली बघत मला म्हणाला, "पाटलाचा हुकूम आना, आत्ता उतरतो. मी त्यांची जमीन वाट्यानं करतो, आप्पा." पाटील म्हणाले, निकाल लागलाय, आता देवीला परत परत त्रास नको. डब्यातून बघायला मात्र ते आले नाहीत. म्हणाले, कंबर धरलीय.

तरी तू थकला नाहीस. पाटलांच्या वाड्यातली बैलांची दगडी डोण भरून घेतलीस, दुधाचे थेंब टाकलेस म्हणजे उजेडाची वाट दिसावी, आणि भर दुपारी सगळ्यांना बोलावलंस. जावयाचंच भिंग मागून घेतलंस. मी शेजारी विती मोजायला. आधी हवेत: एक वीत अंतरावर ठिपका जमला आणि वाळल्या पानातून धूर निघाला. मग तेच भिंग पाण्यात: हातभर खोल तळाशी गेलं तरी रुपयापेक्षा मोठं फिकट वर्तुळ, ठिपका नाहीच. तू म्हणालास, हा ठिपका जमायला जवळजवळ चार विती पाणी लागेल. मग शाळेतला खोलगट आरसा काढलास. बाहेर धरला, ठिपका वीतभरावर. पाण्याच्या तळाशी ठेवला, ठिपका पुन्हा वीतभरावर, दुधाळ पाण्यात सुईसारखा.

"कळलं का?" तू विचारलंस. तुझा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. तुला वाटलं, झालं. आता हे उठतील आणि ताडकळसला माणूस धाडतील.

"वा, गुरुजी, वा," पाटील म्हणाले. "मजा आली."

जावई भिंग पुसून खिशात ठेवत म्हणाले, "शीशे में खोट नहीं है, इतना ध्यान रखो. विलायती है."

मग चहा आला. तू तो प्यालास.

परतीच्या वाटेवर आपलं कडाक्याचं वाजलं. तू म्हणालास, "त्यांना ठावं नव्हतं, आता ठावं झालं. वेळ लागंल, पर मानतील." मी म्हणालो, त्यांना ठाऊक होऊन उपयोग नाही, त्यांना नकोच आहे. तू मला कोरडा म्हणालास, मी तुला भोळा म्हणालो. भोळा हा शब्द मी सौम्य करून वापरला होता. हे भांडण आपण वैशाखापर्यंत ओढलं.

वैशाखात बारव आटली, गाळ काढायला माणसं लावली. लिंबाजीच्याच हाताला डोळा लागला, उत्तरेच्या पायरीच्या फटीत. तू कवडसा धरला होतास तिथंच. गावभर डफ वाजला. देवीनं आपला डोळा आपण परत आणला, असं ठरलं. गूळ वाटला, पंगत घातली. दंडाच्या पंधरा रुपयांत थोडे घालून तो खर्च भागवला, ती नोंद माझ्या अक्षरात आहे. गोदाबाईचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी पानावर बसलो नाही. तू बसलास.

हे मला तुला समोरासमोर विचारायचं होतं, दत्ता. तू त्या पंगतीत का बसलास? बासुंदीच्या दोन वाट्या खाल्ल्यास असं मला सांगण्यात आलं. मी तीन आठवडे तुझ्याशी बोललो नाही आणि त्या तीन आठवड्यांनंतर तू तापानं पडलास. शेवटी तुझ्या उशाशी बसलो तेव्हा विचारणार होतो, पण तू आपणच म्हणालास, "त्यो डोळा हातात घेऊन बघायचा व्हता मला. पंगतीला बसल्याबिगर देवळात जाऊ देत नव्हते." एवढंच. पुढं तू पाणी मागितलंस. मला ते उत्तर पुरेसं वाटलं की नाही, अजून ठरवता येत नाही. बासुंदीचं तू काही बोलला नाहीस.

चष्म्याचं मात्र बोललंच पाहिजे. चाळिशी लागली तेव्हा मी आकडे हात लांब करून वाचायचो. मला परभणीला नेलंस, दुकानात माझ्याच हिशेबाचं पान माझ्यापुढं धरलंस आणि सात आणि एक वेगळे दिसेपर्यंत दुकानदाराला काचा बदलायला लावल्यास. तो वैतागला, तू हलला नाहीस. हे त्याच चष्म्यातून लिहितोय. तुझ्याइतका वेळ माझ्या डोळ्यांसाठी माझ्या सख्ख्या भावानं काढला नसता.

तर त्या मंगळवारी, सोळा रुपये बारा आणे पुढ्यात ठेवून, मी पारावर म्हणालो की गोदाबाईचे पंधरा रुपये परत गेल्याशिवाय मी ही वर्गणी जमेला धरणार नाही, आणि पाथरवटाला दगडाचे पैसेही देणार नाही.

"ते तर उत्सवात खर्चले," पाटील म्हणाले.

"ज्यांच्या हुकमानं खर्चले त्यांनी भरावेत."

"गुरुजीच्या नावाचं काम अन् तू असला आडमुठेपना करायलास?"

मी म्हणालो, गुरुजींच्या नावाचंच काम करतोय. पाटलांनी बंडीच्या खिशातून पैसे काढून माझ्यापुढं टाकले. मला त्यात काही मोठेपणा दिसला नाही. पाथरवट ठरला होता, 'यांच्या हस्ते'ची अक्षरं मोजून झाली होती, आणि पाटलांना त्या दगडावर यायचं होतं. लाज वाटून त्यांनी एक आणासुद्धा दिला नसता. तू असतास तर म्हणाला असतास, "बघ, मानलं की न्हाई." मी म्हणालो असतो, नाही.

मी बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेलो. गोदाबाई भावाच्या कांद्याच्या ढिगाशी बसली होती. वाळली आहे. तू गेल्याचं तिला कळलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला. "त्येंनी सांगावा धाडला व्हता," ती म्हणाली. "डोळा फटीत हाय, आमी दोघांनी बघितलाय, धीर धर म्हनले. दसऱ्याच्या मागंच." तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. मी पैसे पुढं केले. तिनं हात मागं घेतला.

"तुमच्या हातून नगं, आप्पा. म्या पाटलाच्या हातात दिले व्हते, समद्या गावापुढं. त्येंनी द्यावं, समद्या बाजारापुढं."

तिचा भाऊ म्हणाला, "घे की गं, पंधरा रुपये हायेत." तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी परत आलो आणि पैसे पाटलांना परत केले. त्यांनी मला, तिला आणि तुला शिव्या दिल्या. तुला कमी. दगड तसाच पडून राहिला, पाथरवट रोज येऊन विचारू लागला, आणि पुढच्या बाजाराला पाटलांनी गाडी जुंपली. मला बरोबर घेतलं.

ताडकळसच्या बाजारात ते गाडीतूनच पैसे देऊ लागले. ती उठली नाही. शेवटी उतरले. माणसं जमली. त्यांनी पैसे पुढं धरले तेव्हा ती म्हणाली, "कशाचे हायेत, बोला."

"दंडाचे."

"कशाच्या दंडाचे?"

पाटलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. "द्येवीच्या डोळ्याच्या," ते म्हणाले. ती तशीच बसून राहिली. कांदे घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "आवं, नीट सांगा की, आमाला बी कळू द्या." तेव्हा ते खाली बघून, पण ऐकू जाईल असं म्हणाले, "डोळा पान्यातच व्हता. हिनं घेतला नव्हता."

मग तिनं हात पुढं केला. पंधरा रुपये हाली, माली पाटलांच्या हातून, गुरवाच्या गोदाबाईला.